निकेलनानांची फळी

आमच्या वाडीत निकेलनानांच्या घरी जायचं म्हणजे आधी खिळ्याला लटकावं लागे. घाबरू नका, तुम्ही नव्हे, तुमचा बिल्ला. दाराशी बाभळीची फळी, तिच्यावर खिळ्यांची रांग, आणि खाली टोपलीत रॉकेलच्या डब्यातून कापलेले पत्र्याचे गोल बिल्ले. आत शिरताना आपला बिल्ला खिळ्याला लावायचा, निघताना काढून टोपलीत टाकायचा. वाचता येणारे वाडीत थोडे, म्हणून बिल्ल्यांवर खुणा कोरलेल्या. पाटलांच्या बिल्ल्यावर मिशा, माझ्या बिल्ल्यावर चष्मा. नानांच्या म्हशीलाही बिल्ला होता. ती गोठ्यात आली की नाना स्वतः उठून तो लावत. म्हशीनं कधी कुरकुर केली नाही, कुरकुर सगळी आमची.

"आवं नाना, चिमूटभर तंबाखूला आलोय, त्याला बिल्ला कशापायी?" असं कुणी म्हटलं की नाना डोळे वटारत. "बिल्ला खिळ्याला म्हंजी मानूस आत. बिल्ला निघाला म्हंजी मानूस वर. यवढं कळंना व्हय रं तुला?"

फळीच्या शेवटच्या खिळ्यावर मात्र एक पितळी बिल्ला कायमचा असे, रोज चिंचेनं घासून लख्ख केलेला. त्याला कुणी हात लावला की नाना फटकन हातावर मारत. "त्यो आत हाय," एवढंच म्हणत, आणि विषय बदलत.

नानांचं खरं नाव दौलतराव. पलटणीतून सुटल्यावर ते ब्रह्मदेशात एका खाणीत मुकादम झाले. पुढं लढाई तिथवर पोचली, खाण ओस पडली, आणि नाना डोंगर तुडवत, हिवतापानं कुडकुडत घरी आले. येताना त्यांनी आणलं काय? एक खडा, तो पितळी बिल्ला, आणि निकेल-कोबाल्टच्या न संपणाऱ्या गोष्टी.

"आदी चिनी मानसं आली," नाना पारावर बसून सुरू होत. "त्यास्नी चांदी पायजे हुती. चांदी न्हेली आन् भट्टीतली मळी टाकून गेली. मग सायेब आलं. त्यास्नी त्या मळीतच शिसं घावलं! मग खाली गेलं, तर जस्त. आन् ह्या समद्याच्या मदी लपून बसल्यालं निकेल आन् कोबाल्ट. लय लाजरी जात गड्या! भट्टीच्या तळाला करड्या गोळ्यात निघायची."

मग खिशातून खडा निघे. त्याच्यावर गुलाबी बुरशीसारखं काहीतरी दिसे. "ह्यो कोबाल्ट. दगडावर गुलाबी, आन् काचंत घातला की निळा. हाय का न्हाई बहुरूपी?" त्यामुळं निळ्या बांगड्या घातलेली बाई दिसली की नाना रस्त्यात थांबून तिच्या हाताकडं कौतुकानं बघत राहत. एकदा उंब्रजच्या बाजारात ह्यापायी मार खाता खाता वाचले. मीच मध्ये पडलो आणि त्या बाईच्या नवऱ्याला खाणीची सगळी हकिकत सांगितली. त्याला ती पटली नाही, पण ऐकता ऐकता त्याचा राग उतरला.

आम्ही विहीर खणायला काढली तेव्हा नाना न बोलावता हजर झाले, दाराशी असायची ती फळी पितळी बिल्ल्यासकट खांद्यावर घेऊन. फळी काठावरच्या करंजाला बांधली आणि फर्मान निघालं: बिल्ल्याशिवाय खाली पाय ठेवायचा नाही. खणणारे वडार हसले, पण नानांच्या मिशा बघून गुमान बिल्ले लावू लागले. मुरूम संपून काळा पाषाण लागला, त्याखाली लालभडक गेरूचा पट्टा आला, तसे नाना खुलले. "आग आली, निवली, वर माती झाली. मग परत आग! आपला डोंगुर असा थरावर थर चढलाय. खाणीकडचा डोंगुर बी आगीतलाच, पर लय म्हातारा. त्याच्यापुढं आपला म्हंजी कालचं पोर."

"मग हितं निकेल घावंल का?" वडारांचा म्होरक्या विचारी.

"पानी घाव दे आदी!"

आता माझी सोनाआत्या. तासगावला दिलेली, विहिरीच्या निमित्तानं माहेरपणाला आलेली. बाई सोन्यासारखी, पण विसरभोळी अशी की आमटीत मीठ घातलं की नाही हे तिला आम्ही जेवायला बसल्यावर आमच्या तोंडाकडं बघून कळे. एका बाजारच्या दिवशी ती भाकरीची पाटी घेऊन आली, लाल पट्टा बघायचा म्हणून हौसेनं बांगडीचा बिल्ला लावून खाली उतरली, आणि पलीकडच्या उतारानं वर येऊन थेट उंब्रजच्या गाडीत जाऊन बसली. बिल्ला राहिला खिळ्यावर.

दिवस कलला. वडार आपापले बिल्ले काढून पालांकडं गेले. नाना फळी सोडायला आले, तर बांगडीचा बिल्ला अजून खिळ्याला!

"सोनाबाई खाली हाय!"

दुसऱ्या क्षणी नाना खाली उतरत होते. त्या वयात, धोतर खोचून! "सोनाबाई! ओ द्या वो!" त्यांची हाक कातळावर आपटून वर येत होती. आम्ही कंदील घेऊन धावलो. नाना गुडघाभर राड्यात दोन्ही हातांनी सुरुंगाचे दगड बाजूला सारत होते, बोटं सोलवटली होती. "नाना, तिथं कुणी न्हाई!" मी ओरडत होतो. "बिल्ला हाय!" ते ओरडत होते.

तेवढ्यात काठावरून आवाज आला, "काय घावलं रं? पानी लागलं का?" बघतो तर आत्या! डोक्यावर कांद्याचं गाठोडं.

नाना वर आले ते लालबुंद होऊन. "बिल्ला का न्हाई काढला?"

"आवं नाना, इसरले मी."

"इसरले? तुमी इसरला तर तुमी जगला का मेला, ह्ये मला कळायचं कसं?" एवढं बोलून नाना मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

मग कळलं. पितळी बिल्ला मुथूचा, नानांच्या मद्रासी जोडीदाराचा. खाण सोडायचा हुकूम आला, पंप बंद झाले, पाणी चढायला लागलं. पळापळीत बाकीचे सगळे वर आले, खाणीच्या फळीवर मुथूचा बिल्ला तेवढा राहिला. नाना खाली निघाले तर चौघांनी धरून ओढून नेलं, आणि मुथूचं काय झालं ते कधीच कळलं नाही.

आत्यानं गाठोडं खाली ठेवलं. "त्यो बी माज्यावानी इसरायचा का वो?"

"लय!" नानांनी नाक पुसलं. "एकडाव समद्या पाळीची मानसं त्याला हुडकाय खाली गेली, आन् ह्यो भाद्दर हाटेलात च्या पीत बसल्याला!" बोलता बोलता त्यांनाच हसू फुटलं, आणि आम्हालाही.

"मग!" आत्या उठली. "मी कांदं घेत हुते, त्यो बी बसला असंल कुटंतरी च्या पीत." आणि तिनं सरळ पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून नानांच्या तळहातावर ठेवला.

नानांनी बिल्ला उलटापालटा केला, रिकाम्या खिळ्याकडं बघितलं, आणि बिल्ला खिशात टाकला, त्या खड्याशेजारी. "मुथू घावला की दीन त्याचा त्याला," ते म्हणाले. "आन् वर एक सनसनीत शिवी बी दीन."

पुढं विहिरीला पाणी लागलं, चांगलं गोडं. नानांनी फळी काही सोडली नाही, म्हशीचा बिल्लाही चालू राहिला. फरक पडला तो एवढाच, की उंब्रजच्या बाजारी गेले म्हणजे नाना एकेका चहाच्या हॉटेलात डोकावून, बाकड्यांवरची सगळी तोंडं बघून मगच घरी येत.