तक्रार क्रमांक तीन दाबा

निवृत्त ग्रंथपालांनी सूनबाईंच्या भाषेचं व्याकरण सतरा दिवसांत वाचून संपवलं, आणि अठराव्या दिवशी त्यांना कळलं की आपल्याला त्या भाषेत पाणीसुद्धा मागता येत नाही. चौतीस वर्षं लोकांना गप्प बसवण्याचा पगार घेतलेला माणूस. आता म्हातारपणी बोलायला शिकायचं म्हणजे डोक्याला तापच. पण इलाज नव्हता. परदेशात वाढलेली सहा वर्षांची नात महिन्याभराने पहिल्यांदाच घरी येणार होती आणि तिला फक्त आईचीच भाषा येत होती. व्हिडिओ कॉलवर आजोबा दिसले की ती हात हलवायची, आजोबा हात हलवायचे, आणि मग दोघंही दुसरीकडे बघायचे. ते त्यांना फार लागायचं.

आठवड्यातून एकदा ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "वाचन छान आहे तुमचं. कान आणि तोंड मात्र कोरं. रोज एखाद्या जिवंत माणसाशी बोला."

असा माणूस गावात नव्हता. तो सापडला फ्रीजच्या मागच्या कंपनीच्या स्टिकरवर. तक्रारीचा नंबर फुकट होता आणि तीन दाबलं की त्या भाषेतली मुलगी बोलायची. सावकाश, स्पष्ट, आणि कळलं नाही तर न कंटाळता पुन्हा.

"काय अडचण आहे?" तिने विचारलं.

आता फोन केला म्हटल्यावर अडचण हवीच. "फ्रीज थंड करत नाही," ग्रंथपाल म्हणाले. फ्रीज बिचारा शेजारी उभा राहून मुकाट्याने थंड करत होता.

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य म्हणणं त्यांच्या शिस्तीत बसेना, म्हणून फ्रीज आवाज करायला लागला. तिसऱ्या दिवशी दिवा गेला, चौथ्या दिवशी दार लागेना, पाचव्या दिवशी खालून पाणी यायला लागलं. वहीत विषयवार नोंद होत होती. नवव्या दिवशी ते अडखळले नाहीत, आणि दहाव्या दिवशी दारात मेकॅनिक उभा राहिला.

त्याने फ्रीज उघडला, बंद केला, वाकून बघितला. "काका, फ्रीज तर ठणठणीत आहे."

"हो ना," ग्रंथपालांची बायको म्हणाली. "तक्रार केली कोणी?"

"यांनीच. नऊ वेळा." त्याने कागद पुढे केला. "तक्रारी सातच्या वर गेल्या की मशीन वर्कशॉपला न्यावं लागतं. नियम आहे. की तक्रारी खोट्या आहेत असं लिहू? मग नंबर बंद होईल तुमचा."

नात यायला पंधरा दिवस होते आणि भूतकाळ अजून कच्चा होता. ग्रंथपालांनी खाली बघून म्हटलं, "न्या."

"अहो, चांगला चाललेला फ्रीज नेतायत कशाला?"

"अभ्यासाला."

बायकोने कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ दूध तापवायची आणि नवऱ्याशी मोजकंच बोलायची. ग्रंथपालांना मात्र फोन करायला आता खरं कारण मिळालं. रोज ते फ्रीजची तब्येत विचारत. तिकडच्यांना दोष सापडत नव्हता, त्यामुळे फ्रीज परत येत नव्हता.

नात आली ती आईच्या ओढणीमागे लपूनच. ग्रंथपाल पुढे झाले, तोंड उघडलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपली सगळी वाक्यं फ्रीजची आहेत. ते नुसते हसले. ती हसली नाही. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. कशासाठी केला हा सगळा खटाटोप, असं वाटून त्यांना स्वतःची लाज वाटली.

सकाळी आजीने दूध दिलं. नातीने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि रडवेल्या आवाजात भराभर काहीतरी बोलली.

"बाबा, ती म्हणतेय..." मुलाने सुरुवात केली.

"कळलं मला," ग्रंथपाल म्हणाले. दूध थंड नाहीये. शब्द न् शब्द कळला होता. त्यांचे डोळे भरून आले. खुर्ची पुढे ओढून त्यांनी तिच्या भाषेत, अगदी सावकाश विचारलं, "आणखी काही अडचण आहे?"

नातीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या लांबच्या प्रवासात हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. मग ती सुरू झाली. उशी उंच आहे. पंखा आवाज करतो. बाथरूमचं दार लागत नाही. आजी गाल ओढते. ग्रंथपाल मधेच "कधीपासून?" म्हणायचे आणि वहीत लिहून घ्यायचे. तासाभराने ती त्यांच्या मांडीवर बसून, काय लिहिलंय ते बोट ठेवून तपासत होती.

तेवढ्यात फोन वाजला. तक्रारीच्या नंबरवरची तीच मुलगी. फ्रीजमध्ये दोष सापडला नाही, उद्या घरी पाठवू का, असं विचारत होती.

"नको," ग्रंथपाल तिच्या भाषेत, एकदाही न अडखळता म्हणाले. "सुट्टी संपेपर्यंत ठेवा तिकडेच. आमच्या तक्रारी अजून व्हायच्या आहेत."