९९९८९ वर थांबलेली स्कूटर

गायकवाडकाकांची स्कूटर ढकलायची नसते, उचलायची असते. गल्लीत मांडव पडला किंवा टँकर आला की काका चार माणसं गोळा करतात आणि पुढचं चाक अधांतरी धरायला लावतात. चाक फिरलं तर किलोमीटरचा आकडा पुढे सरकेल ना! तो आकडा आहे ९९९८९.

काकांची सगळी नोकरी घरोघरचे वीजमीटर वाचण्यात गेली. बाकीचे रीडिंग लिहून पुढच्या दारी जायचे, काका त्याला भागत उभे राहायचे. आम्ही सिडकोत राहायला आलो त्या दिवशी चहाच्या आधी त्यांनी आमच्या घराच्या नंबराचा, ९१चा, निकाल लावला. "दिसतंय मूळ संख्येवाणी, पण सातानं भाग जातो, तेरानं बी जातो. दिसण्यावर जाऊ नका." कुणी नवऱ्या मुलाची तारीफ केली तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, "भाग देऊन बघा."

९९९८९ला त्यांनी लग्नपत्रिकांच्या पाठीवर पासष्ट मूळ संख्यांनी भागून पाहिलंय. एकीनंही भाग गेला नाही. ९९९९१ही तसाच अभंग. मधल्या ९९९९०ला मात्र अठ्ठेचाळीस विभाजक. "धर्मशाळा हाय ती. कुणी बी शिरतं." दोनाच्या फरकानं येणाऱ्या मूळ संख्यांची, पाच अंकांतली ही शेवटची जोडमूळ जोडी. त्यापुढे नऊ किलोमीटरवर मीटरची सगळी शून्यं होणार.

मला या स्कूटरचा मनापासून वैताग होता, कारण तिच्यापायी माझी गाडी वळत नसे. परवा ड्रेनेजसाठी गल्ली खोदायची ठरली, तेव्हा मी सरळ सांगितलं की काका, दोन किलोमीटर चालवा, जोडी पुरी करा आणि भंगारात देऊन टाका. वर शहाणपणाने म्हणालो, मी भाग देऊन बघितलंय.

काका हसले नाहीत. मागची सीट पुसत राहिले. रोज तेवढीच पुसतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग त्यांनी सांगितलं. काकू मागे बसून दर चौकात विचारायच्या, "कितीवर आलं?" वेरूळचं दर्शन करून दोघं परतले आणि दारातच ९९९८९ लागला. ९९९९१ दोन किलोमीटरवरच्या रसवंतीपाशी येणार, हे काकांनी रिक्षाने जाऊन मोजून ठेवलं होतं. सोमवारी तिथे दोघांनी रस प्यायचा ठरलं. काकू शनिवारीच गेल्या.

"आकडा काय, आत्ता जाऊन आणतो," काका म्हणाले. "पण एकट्यानं रस पिऊन काय करू?"

मला माझ्या बोलण्याची फार लाज वाटली. खोदणारे आले तेव्हा पुढचं चाक मी धरलं. स्कूटर भलतीच जड होती. अर्ध्या वाटेत हात सुटायला आले, पण चाक टेकू दिलं नाही. काका मागची बाजू धरून होते, त्यांना तिथून मीटर दिसत नव्हतं.

"कितीवर हाय?" त्यांनी विचारलं.

मी वाकून पाहिलं. "तिथंच आहे, काका. हललं नाही."