हात जोडून वाजवलेली गिटार

विश्वास ठेवायचा नाही असं ठरवूनच पुढचं वाचा! कारण मी, नागाप्पा, मंगळवार पेठेतला कुलपं-बिजागऱ्यांचा दुकानदार, ज्यानं पन्नाशीपर्यंत हातोडीखेरीज काही वाजवलं नाही, त्या मी जाझ गिटार वाजवून पोरीचं लग्न जमवलं आहे. आणि तीही दोन्ही हात जोडून! हे सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग हळूच तोंडाचा वास घेतात. म्हणून गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर बायको शिवगंगा, लेक सौंदर्या आणि खुद्द जावई बसवेश यांच्या साक्षीनं ही हकिकत मी पुन्हा एकदा सांगितली. तीच इथं देतो. साक्षीदार घरचे असले की माणूस निर्धास्त बोलतो.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. सौंदर्याला स्थळं येत होती. फोटो बघून ती म्हणायची, "बघू." तिचं 'बघू' म्हणजे फोटो परत पाठवायचा, हे आमच्या पोस्टमनलासुद्धा पाठ झालं होतं. अशात माझा दुकानशेजारी आकाराम एक फोटो घेऊन आला. हा गडी दिवसभर छत्र्या दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात लग्नं जमवतो. निपाणीकडचं घराणं, मुलगा बेंगलोरला इंजिनिअर. सौंदर्यानं फोटो बघितला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली आणि म्हणाली, "बरं आहे."

बरं आहे! शिवगंगा आतून साखरेचा डबाच घेऊन आली.

"एकच हाय," आकाराम साखर चघळत म्हणाला, "पोरगं गिटारीचं येडं हाय. जाझ म्हणून काय तर असतंय, ते वाजवतंय. तुमच्यात कुणाला गाण्याबिण्याचा नाद?"

इथं 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरांचं काम. पण माझ्या जिभेला मोकळी जागा दिसली की ती तिथं बांधकाम काढते!

"म्हणजे काय! मी स्वतः जाझ वाजवतो की!"

"तुम्ही?"

"लहानपणापासून!"

आकाराम खूश झाला. दारात चपला घालताना म्हणाला, "बरं झालं खरं सांगितलासा. मागल्या ठिकाणी पोरीकडच्यांनी काय तर खोटं सांगितलं, तर ही माणसं पोहे न खाता उठली. खोट्याचा लई राग हाय त्यास्नी."

साखर माझ्या घशातच अडकली. आकाराम जिना उतरायच्या आत सौंदर्या म्हणाली, "आप्पा, हाक मारा त्यांना. खरं सांगून टाका."

"अगं, जाझ म्हणजे काय रॉकेट आहे? शिकतो की!"

पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत हंबीरराव गिटार शिकवायचे. पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्याच्याही पूर्वी तालमीत घुमायचे. दंड असे, की गिटार मांडीवर घेतली म्हणजे बाळाला टोपडं घालायला बसल्यासारखे दिसायचे.

"बोटं दावा," म्हणाले. दाखवली.

"ही बोटं न्हाईत, गाजरं हाईत. ह्यास्नी तार दाबायला वर्षं लागतील. तवर डोक्यानं शिका. थिअरी!"

आणि सुरू झालं. "सा घ्या. रे सोडा. ग घ्या. म सोडा. प घ्या. ध सोडा. नी घ्या. सगळी एकदम वाजवा. ह्यो झाला कॉर्ड."

"म्हणजे पंगतीत एक सोडून एकालाच जिलेबी वाढायची!"

"तसंच समजा. आता पाचव्या सुरावरचा कॉर्ड. ह्यो म्हंजे पैलवान डोक्यावर उचललाय. त्येला तसाच धरून चहाला जाता येतंय का?"

"कसं येईल?"

"मग आपटायलाच पायजे! दुसऱ्यावर धरायचा, पाचव्यावर उचलायचा, पयल्यावर चीतपट! सगळं जाझ एवढंच हाय. बाकी नुसतं मातीत लोळणं."

मला ते इतकं पटलं की गल्ल्यावर बसल्या बसल्या मी गिऱ्हाइकांना चीतपट करू लागलो. पण खरा चमत्कार पुढच्या धड्याला झाला. हंबीरराव म्हणाले, "आणि ध्येनात ठेवा, मूळ सूर गिटारनं वाजवायचाच न्हाय. त्यो वाजवायला मागं जाड तारांचं वाद्य घिऊन एक माणूस हुबा असतोय. आपण मूळ सोडून वरचं वरचं घ्यायचं."

मूळ सोडून वरचं वरचं सांगायचं! हे तर मला जन्मापासून येत होतं!

घरी येऊन मी कानांना कामाला लावलं. रिक्षाचा भोंगा, कुकरची शिट्टी, देवळातली घंटा, सगळ्यांत कॉर्ड ऐकू यायला लागले. एके दिवशी तर स्वयंपाकघरात उडीच मारली. "अगं, तुझा मिक्सर दुसऱ्या बटणावर पक्का सा देतोय!"

"देऊ दे," शिवगंगा म्हणाली. "चटणी पण देतोय."

अडचण एवढीच होती की डोक्यातलं गाजरांत उतरत नव्हतं. तार दाबली की गिटार अशी ओरडायची, जणू मांजराच्या शेपटीवर बिजागरी बसवतोय. पाहुण्यांचा रविवार तर येऊन ठेपला. तेव्हा हंबीररावांचाच एक धडा मला आठवला. ते म्हणाले होते, "पाचवा पैलवान नको असला तर बदली पैलवान उतरवायचा. गाव येगळं, अंग येगळं, पण मुद्द्याचं दोन सूर तेच. बघणाऱ्याला घरी जाईस्तोवर पत्ता लागत न्हाय."

बदली पैलवान!

"म्हंजे मी आत बसून वाजवायचं आन् तुम्ही भाईर बोटं हलवायची?" हंबीररावांनी विचारलं.

"जाझच्या नियमात बसतंय. तुम्हीच शिकवलंत."

बेत झकास होता. बाहेरच्या खोलीत माझ्या पायाशी अँप्लिफायर. त्याची वायर सतरंजीखालून, पडद्याखालून आतल्या खोलीत हंबीररावांच्या गिटारला. माझ्या गळ्यात दुसरी गिटार, तिची वायर नुसतीच गादीखाली खोचलेली. मी 'घेऊ का मग?' म्हटलं की त्यांनी सुरू करायचं, 'बास्स!' म्हटलं की थांबायचं. फक्त त्यांना तंबाखूचा खोकला होता. तो आला तर? तर शिवगंगेनं मिक्सर लावायचा. तशीही ती कटाच्या आमटीचं वाटण करणारच होती.

"मिक्सर लावते," ती म्हणाली. "तोंडानं मात्र मी खोटं बोलणार न्हाय."

सौंदर्यानं साडीच्या निऱ्या करता करता शेवटचं विचारलं, "आप्पा, अजून वेळ आहे. सांगायचं का?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तेवढं मला चांगलं जमतं.

पाहुणे आले. मुलगा, आई, वडील. आजोबा आकारामबरोबर खाली माझं दुकान बघत मागं राहिले होते. पोहे आले. सौंदर्या आणि बसवेश एकमेकांकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होते की बघणाऱ्याला लाज वाटावी. मग बसवेश म्हणाला, "काका, मी माझी गिटार मुद्दाम आणली नाही. तुमची ऐकायची आहे."

"घेऊ का मग?"

आणि काय सांगू! हंबीररावांनी आत जे धरलंय! कॉर्डमागून कॉर्ड असे लोणी लावल्यासारखे सरकायला लागले. मीही बाहेर अशी बोटं फिरवली की मलाच मी खरा वाटायला लागलो. डोळे मिटले, ओठ चावला, भुवई उडवली.

"काका!" बसवेश पुढं सरकून म्हणाला, "काय सबस्टिट्यूशन टाकलंत! ही बदली सुचली कशी?"

"बदलीच आहे," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं पहिलं खरं वाक्य!

तेवढ्यात आतून खोकल्याची सुरुवात ऐकू आली. लगेच मिक्सर घर्रर्र सुरू झाला. बायको असावी तर अशी! आणि त्याच क्षणाला आजोबा जिना चढून दारात उभे राहिले. पांढरा फेटा, कपाळावर भस्माचे पट्टे, वय ऐंशीच्या पुढं. आत पाऊल टाकत त्यांनी हात जोडले.

"शरणू शरणार्थी!"

आता तुम्हीच सांगा. आमच्या लिंगायतांत वडीलधाऱ्या माणसानं दारातून असा नमस्कार केल्यावर कुणाचे हात जागेवर राहतील? मी ताडकन उठलो, दोन्ही हात छातीशी जोडले आणि कमरेत वाकलो.

"शरणू शरणार्थी!"

गिटार माझ्या पोटावर लोंबत होती. आणि वाजत होती! नुसती वाजत नव्हती, हंबीरराव नेमके सगळ्यात जोरकस जागेवर आले होते!

खोलीतल्या सगळ्यांचे डोळे माझ्या जोडलेल्या हातांवर. "बास्स!" मी म्हणालो. मिक्सर घर्रर्र. "बास्स!!" घर्रर्र. पडद्यामागच्या पैलवानाला काय ऐकू जाणार?

आजोबा जवळ आले. गिटारकडे वाकून बघत म्हणाले, "हात न लावता वाजतंय की! सेलवर चालतंय काय, पावणं?"

"तसं नव्हे, आजोबा," माझी जीभ लागली बांधकामाला. "यालाच हार्मनी म्हणतात. एकदा नीट लावली की थोडा वेळ आपोआप चालते."

"आमच्या बेंगलोरच्यास्नी हे जमत न्हाय," आजोबा नातवाकडे बघून म्हणाले.

बसवेश सतरंजीखालच्या वायरीचा उंचवटा नजरेनं पडद्यापर्यंत नेत होता. त्याच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. माझे कान असे तापले की त्यावर पापड भाजून निघाला असता. हात सोडावेत तर गिटारवर ठेवायची लाज, जोडलेले ठेवावेत तर अजून लाज. मी सौंदर्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर परवडलं असतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. बापाकडे बघायची सोय मी ठेवली नव्हती.

मग ती उठली. मान सरळ. पडद्याकडे निघाली. तिचा हात पडद्याच्या कडेला लागणार, एवढ्यात...

लाईट गेली!

हो! साऱ्या पेठेची लाईट गेली! अँप्लिफायर गप्प. आणि गप्प कुठं झाला? पाचव्या कॉर्डवर! पैलवान डोक्यावर उचललेला आणि तसाच हवेत! खोलीतली माणसं श्वास धरून बसली. आजोबांचा फेटासुद्धा आपटायची वाट बघत होता. तेव्हा मी काय केलं? जोडलेले हात सोडले, ही गाजरं तारांवर ठेवली आणि आयुष्यातला पहिला आणि शेवटचा कॉर्ड वाजवला. थिअरीप्रमाणे, मूळ सूर सोडून! आणि मंडळी, तो सुटलेला मूळ सूर कुठून यावा? आतून! आमच्या मिक्सरचा, दुसऱ्या बटणावरचा, पक्का सा! वर माझी गिटार, खाली शिवगंगेचा मिक्सर. कॉर्ड पुरा झाला! पैलवान चीतपट! आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. बसवेश उभा राहिला आणि म्हणाला, "मला पसंत आहे."

तर असं मी हे लग्न जमवलं!

गेल्या रविवारी इथपर्यंत सांगून मी तक्क्याला टेकलो आणि सुपारीला हात घातला. सौंदर्या ओठ मिटून हसत होती.

"मामा," जावई अदबीनं म्हणाला, "ते पडद्याचं राहिलं. हिनं पडदा सर्रकन ओढला, म्हणाली, 'हे हंबीरराव, वाजवतात हे. आमच्या आप्पांना वाजवता येत नाही, मलाही येत नाही.' मी तर त्याच्यावरच हो म्हटलं."

"छे! छे! तुमची आठवण काही तरी चुकतेय. पडद्यापर्यंत ती पोचलीच नाही. त्याच्या आधीच लाईट गेली ना!"

शिवगंगा उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होती. इतकी वर्षं ती ही हकिकत ऐकते आहे, मध्ये कधी बोललेली नाही. तिनं लसूण ताटात ठेवला.

"अवो, एक इचारू? लाईट खरंच गेलती?"

"व्हय की! सगळ्या पेठेची!"

"मग माझा मिक्सर काय रॉकेलवर फिरत हुता?"