साहेबांच्या पडद्यावर अल्का

कॉम्प्युटरच्या बाबतीत चिचगडात माझा हात धरणारा कुणी नव्हता! (२०१० साली गावात कॉम्प्युटर होते चार, त्यातले दोन आमच्याच ऑफिसात, हा भाग वेगळा.) त्यामुळे गोंदियाच्या मुख्य ऑफिसातून 'तुमची इंटरनेटची लाईन एन्क्रिप्टेड आहे का, तपासून कळवा' असं पत्र आलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "पाच मिनिटांचं काम, साहेब!"

आमचे केशोराव साहेब म्हणजे बाभळीचा वाळका काटा. पण त्यांच्याच टेबलावर माझा बदलीचा अर्ज पडून होता. बायको अल्का गोंदियाच्या ऑफिसात, मी इथं जंगलात. दोन वर्षांचा संसार, तोही सगळा ऑफिसच्या चॅटवर!

"एन्क्रिप्टेड म्हंजे काय जी?" आमच्या क्लार्क मंदाबाईंनी विचारलं.

"इथून निघालेलं वाटेत कोणालेच वाचता येत नाही!"

तारेतून जाणारा मजकूर पकडून दाखवणारा प्रोग्राम मी साहेबांच्या कॉम्प्युटरवर लावला. मग माझ्या टेबलावरून गोंदियाला मराठीत लिहिलं, 'ऑफिस सुरू आहे.' साहेबांच्या पडद्यावर नुसते ठिपके अन् मुंग्या!

"वा!" साहेब म्हणाले. आमचे साहेब, आणि चक्क 'वा'!

हुरळून मी अल्कालाही मराठीतच कळवलं, 'लाईन पक्की आहे. आता बिनधास्त लिही!'

घात झाला तो इथं. आमच्या लाईनला एन्क्रिप्शन-बिन्क्रिप्शन काही नव्हतंच. त्या प्रोग्रामला मराठी अक्षरं दाखवता येत नव्हती, एवढंच! आणि अल्काला मराठी टायपिंग येत नसल्यामुळे ती मराठी लिहायची इंग्रजी अक्षरांत.

"अगा, काहीतरी उमटून राहिलं!" मंदाबाई साहेबांच्या पडद्यावरून मोठ्यानं वाचू लागल्या, "'त्या... खडूस... बुढ्यानं... सही केली का?'"

कालव्याला इटियाडोह धरणाचं पाणी सुटावं तसा मला घाम सुटला. घाईघाईनं टाइप केलं, 'थांब!'

"'काऊन थांबू?'" मंदाबाईंचं वाचन सुरूच. "'आईच्या बिमारीची थाप मारली का? बुढा रडला का?'"

माझी आई! ती त्या वेळी सालेकशाला गुडघाभर चिखलात उभी राहून धानाची रोवणी करत होती, गाणी म्हणत!

मी धावत जाऊन तार उपटली. फार उशीर झाला होता.

साहेबांनी चष्मा काढला. "खडूस तर मी आहोच," ते शांतपणे म्हणाले. "आईचंही सोडून देतो. बदलीसाठी मीही माह्या मायले दोनदा बिमार पाडलं होतं. पण बुढा? मले रिटायर व्हायले अजून सहा वर्षं आहेत, संघदीप! सहाही वर्षं तुमी इथंच राहा!"

आठवडाभर डोकं फोडून मी लाईन खरोखर एन्क्रिप्ट केली. तीनदा तपासली, इंग्रजी अक्षरांतसुद्धा! आता वाटेत कुणाच्या बापाला एक अक्षर वाचता येणार नाही.

वाचायला काही असेल तर ना! अल्कानं त्या दिवसापासून लिहिणंच सोडलंय.