आप्पांचं बेट

वडगाव रासाईतले आमचे शेजारी आप्पा कुणाचंही वाक्य पुरं होऊ देत नाहीत. अर्ध्यावरच "म्हायती हाय मला" म्हणतात. एकदा दुकानदार फवारणीचं औषध किती पाण्यात घालायचं ते सांगत होता. आप्पांना ते आधीच माहीत होतं. त्या साली वांगी जळाली, ज्ञान मात्र शाबूत राहिलं.

अशा सर्वज्ञ माणसाचा रुसवाही भारी. दहा वर्षांमागं मेव्हण्याच्या घरच्या लग्नात टॉवेल-टोपीसाठी यांचं नाव तिसरं पुकारलं. झालं, सासुरवाडी बंद. काकींचं माहेरही त्यातच तुटलं. काकी कधी बोलल्या नाहीत, पण झुरायच्या.

गेल्या हिवाळ्यात मी सहज म्हणालो, "आप्पा, आम्ही दोघं बेटावर चाललोय, अंद—"

"म्हायती हाय मला. आमचीबी तिकिटं काढ."

पुण्याच्या विमानतळावर आप्पांची पिशवी उघडली, तर आत पाच टॉवेल, पाच टोप्या आणि बुंदीचे लाडू.

"समुद्रावर टोप्या कशाला?" मी विचारलं. आप्पा भोवती बघत राहिले. विचारतील तर आप्पा कसले? मुकाट्यानं विमानात बसले.

अंदमानात होडीनं एका बेटावर उतरलो. पांढरी वाळू, माड, आणि दुसरं काही नाही. आप्पांनी पाहणी केली. "एवढी जागा पडीक? कमान न्हाई, वाढदिवसाचा फ्लेक्स न्हाई. सरपंच झोपलाय का हितला?"

मग ते पाण्यात पाय सोडून बसलेल्या काकींजवळ जाऊन बसले. म्हणाले, "मला वाटलं, आपल्या बेटात जायचंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या शिरूर तालुक्यात घोड आणि कुकडी नद्यांच्या मधल्या गावांना बेट म्हणतात. काकींचं माहेर तिथलंच. टोप्या मेव्हण्यांसाठी होत्या. विमानतळावर त्या टोप्यांची थट्टा केल्याची मला लाज वाटली.

"टोप्या भरताना मी बघितलं व्हतं," काकी म्हणाल्या. "इचारलं आसतं, तर तुमी माघारी फिरला आसता. म्हनून गप बसले."

आप्पा वाळू उकरत राहिले. "आता गेलो, तर घरात घेत्याल का गं मला?"

"आईला आता दिसत न्हाई," काकी म्हणाल्या. "तुमी दारातनं नुसती हाक मारा. ती वळखंल."