मालन सिस्टर आणि फुटलेली डोकी

आमच्या अपघात विभागात फुटलेलं डोकं आलं, की मालन सिस्टर आधी डोळे मिटतात. जखम धुऊन झाली की हातमोजा घातलेलं बोट केसांतून सावकाश फिरवत राहतात. तेवढ्यात कुणी नुसतं खोकलं तरी "श्शू!" मग अगदी हळू, कुणीतरी कानात सांगितल्यासारखं, म्हणतात, "मागून लागलंय. वरून नाही."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. रागही आला. डॉक्टर मी, आणि पेशंटला काय झालं ते सांगणार ह्या!

बरं, निघतंही खरं! गंगापूर रोडचे एक काका "जिन्यात घसरलो" म्हणत आले. सिस्टरांचं बोट फिरलं. "कड गोल आहे. डबा पडलाय. लाडवांचा ना, काका?" काकू किंचाळल्या, "अहो, शुगर तीनशे आहे तुमची!" काका गार. आमच्या हरसूलच्या मावशी तर झाडू मारतानाही त्यांच्यापासून लांब राहतात. "त्या बोटात कायतरी हाय, डॉक्टर. मी नाय बाई माझं डोकं दाखवायची."

दुसरं वेड गाठींचं. जखम लहान असली की दोन्ही बाजूंचे चार-चार केस घ्यायचे, एकमेकांत पिळायचे, वर औषधी गोंदाचा थेंब. झालं! टाका नाही, कात्री नाही. पेठ तालुक्याकडची माणसं यावर भलतीच खूश. कापलेले केस भलत्याच्या हाती लागून करणी होईल, या धास्तीनं ती एकेक केस वेचून पुडीत बांधून नेतात. सिस्टरांकडे तो घोरच नाही. "एक केस पडू देणार नाही," हे त्यांचं पालुपद. वरून भांग पाडला की सख्ख्या आईलाही कळायचं नाही.

सुमनला तेच हवं असायचं. मखमलाबादकडून झेंडू विकायला येणारी, विशीतली. "मोरीत पडले." दोनदा सिस्टरांनी गाठी घातल्या आणि दोनदा मी मान खाली घालून "मोरीत पडून" लिहिलं. आज त्याची लाज वाटते.

तिसऱ्यांदा आली ती भर दुपारी. सिस्टरांनी डोळे मिटले. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"पाठमोरी होतीस. खाली बसलेली. जेवत होतीस ना गं?"

सुमनचा चेहरा पांढराफटक पडला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"आज गाठ नाही," सिस्टर म्हणाल्या. "केस कापते. डॉक्टर खरं ते लिहितील, पोलिसांना कळवतील. तू हो म्हण फक्त."

"नको, सिस्टर! दिसेल. बाजारात सगळे विचारतील."

सिस्टरांनी अंबाड्याचे आकडे काढले, सुमनचा हात धरला आणि स्वतःच्या केसांत नेला. सुमनची बोटं एका जुन्या वणावर थांबली. पुढं सरकली, पुन्हा थांबली. मग आणखी एकदा. मी बघत होते. सहा वर्षं शेजारी काम करतेय मी यांच्या, आणि मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं!

"तुम्हाला कुणीच विचारलं नाही?" सुमननं विचारलं.

"माझे केस फार दाट होते गं."

सुमननं मान खाली वाकवली.

"कापा, ताई."

सिस्टरांनी कात्री उचलली. अंबाडा पाठीवर तसाच सुटलेला होता.