पेत्रापासूनची तार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. अंतोन सरांनी पहिल्याच भेटीत मला जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मी खोटं दिलं.

प्रश्न ते सगळ्याच ख्रिस्ती प्रचारकांना विचारायचे. आखाडा बाळापुरात कोणी आला, की त्याला पाणी द्यायच्या आधी सर म्हणायचे, "तुमच्या डोक्यावर हात कोनाचा?" पाहुणा आपल्या गुरूचं नाव सांगायचा. "बरं. आन् त्याच्या डोक्यावर?" तिसऱ्या डोक्यापाशी पाहुणा अडकायचा. मग सर समाधानानं तांब्या पुढं करायचे. "प्या. आकडा टाकलेली वीज हाय तुमची. दिवा लागतो, पन मीटर न्हाई."

सर निवृत्त शिक्षक, गावातले एकटे कॅथलिक. जालन्याकडून नोकरीला आले ते इथलेच झाले. लग्न केलं नाही. येशूनं आपल्या शिष्याला, पेत्राला अधिकार दिला, पेत्रानं पुढच्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तसाच तो आजच्या पोपपर्यंत, बिशपांपर्यंत आला, असं त्यांचं म्हणणं. मधे एक जण गळाला की तार तुटली. मी पत्र्याच्या शेडमधल्या छोट्या सभेचा पास्टर. आम्ही अधिकार मानतो तो बायबलचा, रोमचा नाही. सभा उरकली की दर रविवारी त्यांच्या ओसरीवर आमचं जुंपायचं.

"पोप चुकतच न्हाई म्हणता, सर?"

"धर्माची शिकवन ठरवताना न्हाई चुकत. जेवताना मीठ जास्त घेऊ शकतो."

"पेत्राला सासू होती. पोपला काहून नसावी?"

"तू तुझ्या सासूचं बघ, दानियल."

इंग्रजांच्या मिशनला तर ते धरतच नसत. "त्यायच्या राजाला दुसरी बायको पाहिजे व्हती. पोप न्हाई म्हनला, तर रोमची तारच तोडली त्यानं."

आता माझं सांगतो. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाल्याशिवाय आमच्यातही कोणी पास्टर होत नाही. माझ्यासाठी नांदेडचे म्हातारे पास्टर येणार होते. मांडव घातला होता, डोंगरकडा गावची मंडळीही आली होती. सकाळी निरोप आला, त्यांना लकवा मारला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. तो निपचित हात आपणच उचलून डोक्यावर ठेवून घ्यावा असं मनात आलं. धजलो नाही. परतलो तर मंडळी जेवायची थांबलेली. मी म्हणालो, "ठेवला हात." पास्टर शुद्धीवर न येताच वारले. सरांनी विचारलं तेव्हाही मी त्यांचंच नाव सांगितलं.

यंदा सरांनी अंथरूण धरलं. नांदेडहून फादर आले, आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल कपाळाला लावून गेले. मी उशाशी बसलो.

"फादरला इचारलं मी तुझ्यासाठी," सर म्हणाले. "तुझ्या पास्टरवर इंग्रजांच्या मिशनच्या बिशपचा हात व्हता म्हने."

"मग ती तार तुटकीच ना, सर. राजानं तोडलेली."

"राजाचं राहू दे. फादर ती तार मानत न्हाईत, नका मानू दे. मी जोडलेली धरली ती."

आयुष्यभर ज्यांनी कोणाला सूट दिली नाही, त्यांनी ती मला दिली होती.

"काहून पन, सर?"

"मला ना बायको, ना लेकरू. तिकडं माझ्याशी बोलनार कोन? तू लायनीत असला म्हंजे भेट व्हईल. बसू वाद घालत." जरा दम खाऊन त्यांनी विचारलं, "हात बराबर ठेवला व्हता ना त्यानं? दोन्ही?"

सांगायची वेळ तीच होती. मी त्यांच्या पांघरुणाकडे बघत म्हणालो, "व्हय, सर. दोन्ही."

"मग झालं," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

त्याच आठवड्यात सर गेले. माती फादरांनी दिली. मी मंडळींच्या मागं उभा राहिलो.

सरांना खरं सांगणं आता होणार नाही. पण ज्यांची लग्नं मी लावली, ज्यांना सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात उतरवून बाप्तिस्मा दिला, ती माणसं दर रविवारी माझ्यासमोर बसतात. स्वतःच्या तोंडानं खरं सांगण्याचं देणं मी त्यांना लागतो. अजून सांगितलेलं नाही.